दुपारी खेळणाऱ्या मुली

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी मोड आलेले वाल सोलायला बसले होते. सोमवारच्या डब्यांत बिरडं द्यायचं होतं. वाल कोमट पाण्यात टाकायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून दाबायचे. दाणा सटकून परातीत पडतो, साल बोटांत राहतं. पोळीभाजी केंद्र सुरू केल्यापासून हे काम हातांना इतकं पाठ झालंय की डोक्याची गरज लागत नाही. त्या दिवशी डोकं संध्याकाळच्या कार्यक्रमात होतं.

आमच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं झाली, त्याचा सोहळा होता. जुने खेळाडू आणि मंडळासाठी राबलेली माणसं, सगळ्यांचा सत्कार. निमंत्रण घेऊन दिलीप बुधवारीच येऊन गेला होता. दिलीप मंडळाचा अध्यक्ष. मी मुलींच्या संघात होते तेव्हा तो कुमार गटात होता आणि मला बघून रस्ता बदलायचा. आता तो बसताना आधी पँटची इस्त्री सांभाळतो. त्याने सगळा बेत सांगितला. पुरुष खेळाडूंना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. आम्हा बायकांसाठी मात्र काहीतरी खास योजलंय, असं म्हणून तो जरा पुढे सरकला. खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. त्याची बायको प्रमिला स्टेजवर आमची ओटी भरणार होती.

मी विचारलं, सातही जणींची ना?

तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "सहा, ताई. जनीचं कसं करायचं? तिचा नवरा गेला ना. तिची शाल आम्ही घरी नेऊन देऊ, मानाने देऊ. स्टेजवर उगाच तिला अवघडल्यासारखं नको व्हायला."

म्हणजे त्याच्या मते तो जनीची काळजीच घेत होता. मी मास्तरांच्या बायकोचं विचारलं. मास्तर आमचे प्रशिक्षक, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या येणार होत्या, त्यांच्या हाती शाल द्यायची ठरली होती. मग एक विधवा स्टेजवर चालते आणि दुसरी का चालत नाही, असं मी सरळ विचारलं.

"ताई, ती शाल मास्तरांच्या नावाने आहे."

यावर त्याला काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, शाली द्यायच्या तर आम्हा सातही जणींना द्या आणि बायकांना वेगळं काही नको. तो म्हणाला, ओट्या बांधून तयार आहेत, घरातल्या बायकांनी हौसेने केल्यात, त्यांचा हिरमोड कशाला. आणि चहा चांगला झालाय म्हणून उठला.

वालाचं पाणी बदलायला मी पातेलं उचललं. या पातेल्याच्या काठावर मशीनने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरलेली आहेत: महिला गट, द्वितीय, आपटा. माझ्या घरात अशी द्वितीय भांडी बरीच आहेत. एक कळशी प्रथमही होती, ती चेपली आणि मोडीत गेली. द्वितीय भांडी जाड पत्र्याची निघाली.

मुलांना चषक मिळायचे, आम्हाला भांडी. त्यावर तेव्हा कोणी भांडलं नाही, मीसुद्धा. भांडं घरी नेलं की आई पुढच्या सामन्याला सोडायची, चषक नेला असता तर तो कुठे ठेवायचा म्हणून कटकट केली असती. आपटा गावच्या सामन्यांत हे पातेलं मिळालं तेव्हा आम्ही सातही जणी पाताळगंगा नदीत उतरलो होतो. गुडघे सोलवटलेले, कोपरांना मैदानाची तांबडी माती. पाणी इतकं गार की जखमा झोंबायच्या आधी बधिर व्हायच्या. काठावर कुणीतरी चुलीवर भात टाकला होता, त्याच्या पेजेचा वास नदीवरून येत होता. आम्ही अंतिम सामना हरलो होतो आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं, एका जनीला सोडून. ती पाण्यात उभी राहून पंचांना शिव्या देत होती.

हंगाम सुरू व्हायचा भात झोडून झाल्यावर. गावोगावची शेतं रिकामी व्हायची. भाताची खोडं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचं, दगडी रूळ फिरवायचा. मग सकाळी फक्की मारायची, म्हणजे पांढऱ्या भुकटीने मैदानाच्या रेषा आखायच्या. ओली माती आणि चुना यांचा तो वास मला अजून कुठे नवं बांधकाम चाललेलं असलं की येतो आणि पाय आपोआप रेषेच्या आत थांबतात. आमचं सरावाचं मैदान वडाळे तलावाच्या बाजूला होतं. मुलं तिथे संध्याकाळी खेळायची. आम्हाला उजाडायच्या सुमाराची वेळ दिली होती, म्हणजे अर्ध्या चड्डीतल्या मुली कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत. तलावावरून शेवाळाचा वास यायचा. पाणकोंबड्या ओरडायच्या. आमच्या अंगावर मुलांच्या जुन्या जर्सी, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. दोघींच्या पाठीवर एकच आकडा होता. पंच विचारायचे, मग आम्ही खडूने एकीच्या आकड्यापुढे शून्य काढायचो. घाम आला की शून्य जायचं.

मास्तर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. अंगाला डिझेलचा वास, खिशात बडीशेप. ते फार बोलायचे नाहीत. शिट्टी फुटकी होती, तिच्यातून निम्मी हवा नुसतीच जायची. पकड शिकवताना ते आम्हाला शेजारी शेजारी उभं करायचे आणि मनगटं काथ्याने बांधायचे, एकीचा डावा हात दुसरीच्या उजव्याला. याला आम्ही साखळी म्हणायचो. चढाई करणारी आत आली की साखळीने तिला घेरायचं, पण हात सुटता कामा नये, कारण सुटलेल्या हातांमधूनच ती निसटते. बांधलेल्या हातांनी आम्ही तासभर मागे-पुढे पळायचो. काथ्या मनगटाला काचायचा, त्याचे वळ शाळेत बाईंना दिसायचे. थोड्या दिवसांनी काथ्या सोडायचे, पण हात बांधलेलेच असल्यासारखे राहायचे. मी उजव्या कोपऱ्याला. माझ्या डाव्या हाताला जनी.

जनी नेरे गावची. तिचा बाप हंगामात वीटभट्टीवर असायचा आणि सगळं घर त्याच्याबरोबर. भट्टीचा हंगाम आणि कबड्डीचा हंगाम एकच. मास्तर सायकल घेऊन भट्टीवर जायचे, मुकादमाशी बोलायचे आणि जनीला मागे बसवून आणायचे. केसांच्या भांगात विटांची लाल धूळ. सुनंदा, आमची कप्तान, जरा टापटिपीची होती. ती म्हणायची, जने, डोकं तरी धुऊन येत जा. जनी म्हणायची, धुतलं तर समोरची घाबरंल कशी. चढाईला गेली की ती ओरडायची नाही. बाकीच्या मुली कबड्डी कबड्डी मोठ्याने म्हणायच्या. जनीचा आवाज खाली, घशातल्या घशात, भुंग्यासारखा. दम कधी संपेल ते समोरच्यांना कळायचं नाही.

सामन्यांना जायला बर्फाचा टेम्पो. हनीफचाचा सकाळी कारखान्यातून उरणच्या धक्क्यावर बर्फ पोचवायचे, दुपारी रिकामा टेम्पो आम्हाला द्यायचे. त्यांचा मुलींच्या कबड्डीशी तसा काही संबंध नव्हता. मास्तरांनी एकदा त्यांची गाडी दुरुस्त केली आणि मग ते येतच राहिले. टेम्पोत ओली पोती, लाकडाचा भुसा, मासळीचा वास. उतरताना आमच्या पाठी ओल्या असायच्या आणि पोटऱ्यांना भुसा चिकटलेला. चिरनेरला एकदा पोरं हसली. चाचा खाली उतरून त्यांना म्हणाले, "मेरी बच्चियाँ बर्फ पे बैठके आयी हैं, तुम्ही चूल के बाजूसे उठके आये. हसता काय?" सामना झाल्यावर टेम्पोच्या कोपऱ्यात उरलेले बर्फाचे तुकडे रुमालात बांधून आम्ही गुडघ्यांवर धरायचो. दुसरा काही इलाज नव्हता.

मैदानात उतरायच्या आधी पंच हात बघायचे. नखं कापलेली हवीत, बांगड्या नकोत, गळ्यात, कानांत काही नको. आमचं सगळं चाचांच्या चहापत्तीच्या डब्यात जायचं. ते डबा मांडीवर घेऊन टेम्पोतच बसून राहायचे, सामना बघायचे नाहीत. बघायला गेलो तर डबा विसरेन, म्हणायचे. सुनंदाचं लग्न झालं तरी तिने आणखी दोन हंगाम खेळून घेतले. पहिल्याच सामन्याला सासू बघायला आली. पंचांनी मंगळसूत्र काढायला सांगितलं तशी सासू उठून थेट रेषेपर्यंत आली. काढायचं नाही, खेळ राहू दे, म्हणाली. सुनंदाने मंगळसूत्र काढलं, सासूच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "धरा जरा. चाळीस मिनिटांत येते." सासू ते मुठीत धरून रेषेशेजारी उभी राहिली, खाली बसलीच नाही. घरी गेल्यावर तिने आठवडाभर अबोला धरला. पुढच्या सामन्याला ती पुन्हा आली आणि येताना बसायला चटई घेऊन आली.

आमचे सामने दुपारी असायचे. रात्रीचं मैदान मुलांचं. त्यांना दिवे, कर्णे, गावातली मोठी माणसं, समालोचन करणारा. आम्हाला डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेली माती. प्रेक्षक म्हणजे भांडी घासून आलेल्या बायका, छत्री धरून बसलेले एक-दोन म्हातारे आणि मैदानातून आडवं जाणारं कुत्रं. बायका चांगल्या बघायच्या. एखादीचा पाय धरला की त्यांच्यातून हूं असा आवाज यायचा, सगळ्यांनी मिळून जड वस्तू उचलल्यासारखा. कर्णे मात्र संध्याकाळी लागायचे. त्यामुळे इतक्या हंगामांत आमच्यापैकी एकीचंही नाव कधी माइकवरून पुकारलं गेलं नाही. गुण लिहिणाऱ्या माणसाला नावं माहीत असायची, बाकी कुणाला नाही. मला वाटतं, नेऱ्याची जनी काय खेळते हे ज्यांनी पाहिलं त्या बायका आता आज्या झाल्या असतील, आणि त्यांनाही ती एक लाल केसांची मुलगी एवढंच आठवत असेल.

संघ कुणी बंद केला नाही. एका हंगामात सात जणी जमल्या नाहीत, एवढंच झालं. त्या वर्षी मास्तर मैदानावर एकटेच फक्की मारत होते. मी बाजारातून येताना पाहिलं आणि सायकल न थांबवता घरी आले. घरी पाहुणे यायचे होते, मला बघायला. आता नेऱ्याच्या ज्या शेतांत आम्ही खेळलो तिथे फार्महाउसं आहेत, लोखंडी फाटकं आणि आत कारंजी. बर्फाचा कारखाना गेला. डेपोत मास्तरांचं नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही. काथ्याचे वळ मात्र माझ्या डाव्या मनगटावर बराच काळ होते. लग्नात बांगड्या भरणाऱ्या कासारणीने विचारलं होतं, हे काय गं. मी म्हटलं होतं, कबड्डी. तिने बांगड्या जरा वरच भरल्या.

दिलीप येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी मुद्दाम भाजीबाजारात गेले. जनी रोज नेऱ्याहून वालाच्या शेंगा, मुळा, माठ घेऊन येते. मी तिला सगळं सांगितलं, लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं. ती शेंगांचे वाटे लावत ऐकत होती. एका गिऱ्हाइकाने घासाघीस केली, त्याला तिने आधी वाटेला लावलं. मग म्हणाली, "मना एक सांग गो. ह्यो मान खेळल्याचा हाय, का नवरा जिता असल्याचा?"

मी म्हटलं, खेळल्याचा.

"मग मी येतंय. घरी शाल आणली तर मी दार उघडायची नाय. आमाला खेळताना घरी येऊन कोण बघायचा?"

मी सुनंदाला फोन केला. ती आता ठाण्याला असते, हे ऐकून म्हणाली, मग आपण कुणीच ओटी घ्यायची नाही. बाकीच्या चौघींपैकी दोघी लगेच हो म्हणाल्या. एक म्हणाली, घरी विचारते. एक म्हणाली, स्टेजवर ऐन वेळी जमेल का आपल्याला नाही म्हणायला, समोर ताट घेऊन बाई उभी राहिली तर? तिचं बरोबर होतं. समोर कुणी ओटीचं ताट घेऊन उभं राहिलं की आपले हात पदराकडे जातातच. लहानपणापासून तेच शिकवलंय. यावर माझ्याकडे रविवार सकाळपर्यंत उत्तर नव्हतं. वाल सोलून संपले, तरी नव्हतं.

कार्यक्रम आमच्या जुन्याच मैदानावर होता. तिथे आता निम्मा वाहनतळ आहे आणि निम्म्या भागात फरशा घातलेलं उद्यान. स्टेज वाहनतळात घातलं होतं. ऊन उतरलं होतं, दिवे लागलेले, कर्णे लागलेले. जनी बाजारातून परस्परच आली होती, जांभळी साडी, केस धुतलेले. सुनंदा म्हणाली, "आज धुतलेस होय डोकं?" जनी म्हणाली, "आज कुनाला घाबरवायचाय?" आम्ही सातही जणी तिसऱ्या रांगेत बसलो. दिलीपने ते पाहिलं. तो वाकून वाकून आमच्यापर्यंत आला, जनीला आलात बरं वाटलं म्हणाला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, बसू देत, हरकत नाही, वर फक्त सहा जणी या.

पुरुष खेळाडूंच्या शाली झाल्या. मास्तरांच्या बायकोने मास्तरांची शाल घेतली, छातीशी धरली आणि त्या हळूहळू उतरून गेल्या. हनीफचाचांना दोघांनी धरून वर नेलं. ते आता फार थकलेत आणि कमी ऐकतात. शाल घातल्यावर त्यांनी हारवाल्याला विचारलं की चहा कधी आहे, आणि ते माइकमध्ये गेलं. लोक हसले, ते सुद्धा हसले. त्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं. मग निवेदकाने आमच्यासाठी पुकारलं. महिला भगिनींची ओटी भरून त्यांना सन्मानित करण्यात येईल, असं म्हणून त्याने सौभाग्यवती लावून सहा नावं वाचली. लग्नानंतरची नावं. त्यातलं माझं कोणतं हे कळायला मलाच एक क्षण लागला.

आम्ही उठलो. जनी सगळ्यात पुढे निघाली, कारण ती कडेला बसली होती. तिला अडवायला कुणी हात घातला नाही. स्टेजवर आम्ही उभ्या राहिलो त्या न ठरवता आपापल्या जागी. मी उजव्या कोपऱ्याला, डाव्या हाताला जनी. प्रमिला ताट घेऊन माझ्यापासून सुरू करायला आली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. तिने माझ्याकडे पाहून हसून मान वाकवली आणि माझा हात पदराकडे गेला. माझा. इतक्या गप्पा मारल्या होत्या मी फोनवर.

तेवढ्यात डावं मनगट कुणीतरी धरलं. जनीने. भाजी उचलणाऱ्या हाताची पकड, त्यातून सुटायची सोय नाही. पुढे बघतच तिने दुसऱ्या हाताने पलीकडचीचा हात धरला होता. तिने त्यापुढचीचा. सुनंदा दुसऱ्या टोकाला होती, तिथपर्यंत साखळी गेलेली मला न बघता कळली, पूर्वी कळायची तशीच, खांद्यातून. माझा उजवा हात तेवढा मोकळा राहिला होता. तो मी कंबरेवर ठेवला.

ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी पसरावा लागतो. आमच्यातल्या कुणाचेही दोन हात मोकळे नव्हते.

प्रमिला हळूच म्हणाली, "ताई, पदर घ्या ना."

"हात मोकळा नाही," मी म्हटलं.

दिलीप आला. दातांत बोलत म्हणाला, ताई, हे काय चालवलंय, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत की, दिवे लागल्यावर आम्हाला पहिल्यांदाच बघतायत. त्याने जनीकडे पाहिलं. जनी समोर बघत उभी होती, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. पहिल्या रांगेतून चाचांचा आवाज आला, शेजारच्याला विचारत होते, "गेम चालू हो गया क्या?"

किती वेळ गेला ते मोजलं नाही. ताट जड असतं. प्रमिलाने ते दोनदा कमरेला टेकवून पाहिलं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शालींचा ढीग शेजारच्या टेबलावर होता, खेळाडूंच्या शालींपेक्षा मोठा. तिने ताट त्या टेबलावर ठेवलं. दिलीप तिला काहीतरी म्हणाला. तिने त्याला सांगितलं, सगळ्या पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं, "मग तूच धर ताट. मी दुपारपासून उभी आहे." ढिगातली वरची शाल उचलून तिने झटकली आणि जनीच्या खांद्यांवर घातली. शाल घालून घ्यायला हात मोकळे लागत नाहीत. मग माझ्या, मग पुढच्या सगळ्यांच्या. नारळ कुठे द्यायचे हे तिला कळेना, तेव्हा ते तिने आमच्या पायांशी ओळीने ठेवले. पुढे एका पाहुण्याला नुसत्या पुष्पगुच्छावर भागवावं लागलं असं ऐकलं.

निवेदकाला आता सातवं नाव हवं होतं. तो जनीजवळ आला आणि त्याने अडखळत विचारलं, श्रीमती लावू का? जनी म्हणाली, "काय लावू नको. जनी. नेऱ्याची जनी, चढाईवाली." त्याने तसंच म्हटलं. कर्ण्यांतून ते नाव मैदानावर गेलं, वाहनतळावर, तलावावर. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून तो जुना हूं आला. मला नुसतं वाटलं असेल कदाचित. खाली उतरल्यावर सुनंदानेही विचारलं, ऐकलंस का, म्हणजे नुसतं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बिरडं फोडणीला टाकून, डबे भरून रवाना केले आणि चहा घेऊन वर्तमानपत्र उघडलं. आमच्या इथलं छोटं दैनिक, आतल्या पानावर बातमी होती. सहा माजी महिला खेळाडूंना खणानारळाची ओटी भरून गौरवण्यात आले. सहा नावं, सहा सौभाग्यवती. जनी नाही. मी दिलीपला फोन केला. तो म्हणाला, बातमी शनिवारीच लिहून पाठवली होती ताई, आदल्या दिवशी दिली तरच छापून येते. आणि जाऊ द्या, कोण वाचतंय. मी म्हटलं, मी वाचलं, आणि फोन ठेवला.

चप्पल घालून बाजारात गेले. जनीचे निम्मे वाटे विकून झाले होते. मी पेपर उलगडून तिला वाचून दाखवला, शब्द न शब्द. तिने विचारलं, "हे छापलंय ते खोटा हाय ना?"

मी म्हटलं, खोटं आहे.

तिने शेजारच्या कोळणीला टोपलीकडे बघायला सांगितलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, चल. वाटेत तिने विचारलं, त्यांनी नाय म्हटला तर? मी म्हटलं, तर परवा पुन्हा यायचं. पेपरचं कार्यालय एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, जिन्यावरून जायचं. कार्यालयाचं शटर बंद होतं. आम्ही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने एक मुलगा किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, जाहिरात द्यायचीय का, साहेब अकरानंतर येतात. मी सांगितलं, जाहिरात नाही, बातमी दुरुस्त करून घ्यायची आहे, आम्ही आत बसतो. तो आमच्याकडे बघतच राहिला आणि शटर वर करायला लागला. ते कंबरेपर्यंत आलं असेल नसेल, जनी वाकून आत शिरली, आणि तिच्यामागे मी.